पुण्यातला बायकांचा इतिहास, आपापल्या पायांनी: नकाशा करतेय, भर घाला

पेठकरीण

मंडळी,

पुण्यात हेरिटेज वॉकला तोटा नाही. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि शेवटी मिसळ. त्यात बायका येतात त्या ठरलेल्या तीन: जिजाबाई, मस्तानी आणि 'ध चा मा'वाल्या आनंदीबाई. आई, प्रेयसी, खलनायिका. तिथून पुढची दोनेकशे वर्षं बायका बहुतेक माजघरातच बसून होत्या, असा कुणाचाही समज व्हावा.

म्हणून एक नकाशा करायला घेतलाय. गाईड नाही, फी नाही, सकाळी सातला जमण्याची सक्ती नाही. फोनवर नकाशा उघडायचा, आपल्या सोयीने चालायचं, थांब्यावर पोचलं की दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि पुढे निघायचं. एकटीने जाता आलं पाहिजे आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊनही.

आत्तापर्यंतचा कच्चा मार्ग असा:

सुरुवात भिडेवाड्यापासून, दगडूशेठसमोर. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा इथे काढली. वाडा आता नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने तो रातोरात उतरवला आणि तिथे स्मारक करायचं ठरलं. दर्शनाला आलेली गर्दी त्या जागेकडे पाठ करून हात जोडत असते.

तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागा. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागी मुलींची शाळा, हा बदल मला फार आवडतो. रानडे, भांडारकर, मोडक या मंडळींनी १८८४ मध्ये महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मुलींना मुलांसारखा अभ्यासक्रम द्यायला टिळकांचा कडाडून विरोध होता, तोही ध्वनिमुद्रणात येणार. पुण्यात हे बोललं की कुणीतरी दुखावतंच, इलाज नाही.

मग लक्ष्मी रस्त्यावरचंच सेवासदन. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलं. शिक्षिका तयार करणं, ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण, शिवणकाम. रमाबाई म्हणजे नवऱ्याने शिकवलेली साध्वी, एवढंच आपल्या डोक्यात असतं. महादेवराव गेले १९०१ मध्ये. त्यानंतर तेवीस वर्षं बाई एकटीने काम करत होती. मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या म्हणून १९२० च्या सुमारास पुण्यात बायका रस्त्यावर उतरल्या, त्यात रमाबाई पुढे होत्या.

शेवट गंज पेठेत फुलेवाड्यावर.

काय राहिलं? काय काढू? मोकळेपणाने सांगा.

रिकामटेकडा_सदाशिव

रुमाल टाकून ठेवतो. मार्ग तुळशीबागेच्या तोंडावरून जातोय, त्यामुळे 'दोन-अडीच तासांत पूर्ण' असं कुठे लिहू नका. फसवणूक होईल.

गंजपेठी

पेठकरीणताई, काम झकास. पण दिशा उलटी करा असं सुचवतो.

तुम्ही भिडेवाड्याहून निघून फुलेवाड्यावर संपवताय, म्हणजे शाळेकडून घराकडे. सावित्रीबाई सकाळी निघायच्या त्या घरून शाळेकडे. अंगावर शेण, चिखल, दगड झेलत. शाळेत गेल्यावर बदलायला दुसरं लुगडं जवळ ठेवायच्या, ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरांनाही माहीत आहे. पण भाषणात ऐकणं वेगळं. गंज पेठेतून निघा, शुक्रवारातल्या गल्ल्या घ्या, मंडईवरून बुधवारात या. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रोज एवढा वेळ, दोन्ही वेळा, लोक ओळखीचे आणि प्रत्येक ओट्यावर कुणीतरी बसलेलं. पहिला थांबा ते दुसरा थांबा यांच्यातला रस्ता हाच खरा थांबा आहे. त्यावर काही ध्वनिमुद्रण नको. फक्त चालू द्या.

दुसरं, फुलेवाड्यावर लोक समाधीला नमस्कार करतात, फोटो काढतात, निघतात. आवारातली विहीर दाखवा. अस्पृश्य मानलेल्यांसाठी इथलं पाणी १८६८ मध्ये खुलं केलं. आणि बालहत्या प्रतिबंधक गृह फुल्यांच्या घरीच चालायचं हे सांगा. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. तशा आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या दोघांनी दत्तक घेतला. त्या काळी ती बाळंतपणं घरात कोण काढत असेल? सावित्रीबाईच. या कामाचा पुतळा होत नाही, म्हणून ते मागे पडतं.

पेठकरीण

@गंजपेठी, दिशा बदलली. आधी शेवटी मंडई-मेट्रो जवळ पडावी असा हिशेब होता, पण भिडेवाड्यापासूनही मंडई स्टेशन जवळच आहे. काशीबाईंचं घेते.

मी_माझी_वही

बालहत्या प्रतिबंधक गृहावरून एक सुचतंय. ताराबाई शिंदे कुठेच नाहीत का? बाई बुलढाण्याच्या, पण त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं गेलं पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात, १८८२ साली. आणि निमित्त काय होतं? सुरतेची विजयालक्ष्मी नावाची तरुण विधवा, मूल मारल्याबद्दल तिला झालेली शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर उठलेली झोड. ताराबाईंनी उलट विचारलं की एवढे दुर्गुण बायकांत दाखवता, ते तुमच्यात नाहीत का? फुल्यांच्या घरातलं काम आणि ताराबाईंचं पुस्तक एकाच दुखण्यावर बोट ठेवतात. पुस्तकावर टीका झाली तेव्हा ज्योतिरावांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

छापखान्यापाशी उभं राहायची गरज नाही. गंजपेठींचा 'काही ऐकवू नका'वाला रस्ता संपला की पुढच्या तुकड्यात, भिडेवाडा ते हुजूरपागा, चालता चालता ताराबाई ऐकवा. कानात ताराबाई आणि दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं, मजा येईल.

१८८२ हे सालच भारी आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनसमोर साक्ष दिली की मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बाई डॉक्टर हव्यात. वय चोवीस.

सत्यशोधक_नव्हे_सत्यवान

सावित्रीबाईंबरोबर शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेख हे पात्र काल्पनिक आहे असं मध्यंतरी समाजमाध्यमांवर जाहीर झालं होतं. नकाशात घालणार का तेही?

मी_माझी_वही

घालणार. सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात माहेराहून, नायगावहून, ज्योतिरावांना लिहिलेलं पत्र आहे. स्वतः आजारी होत्या, इकडे शाळेचा भार फातिमावर पडला असेल याची काळजी त्यात आहे, आणि ती कुरकुर करणार नाही असा विश्वासही. समाजमाध्यमांच्या आधी टपाल होतं.

चालक-मालक (संपादक मंडळ)

या विषयावर स्वतंत्र धागा काढावा. इथे फक्त नकाशा. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून लिहितोय. इथे बॉस्टन विमेन्स हेरिटेज ट्रेल म्हणून असाच प्रकार आहे, १९८९ पासून. सुरुवात शहरातल्या सरकारी शाळांमधले शिक्षक, ग्रंथपाल आणि विद्यार्थ्यांनी केली. एकच मोठा मार्ग न करता भागाभागाचे वेगवेगळे मार्ग आहेत, ज्याला जिथे राहायचं-फिरायचं तिथला तो उचलतो. चायनाटाउनचा वेगळा, डाउनटाउनचा वेगळा. तुमचा एकच मार्ग फुगत चाललाय, त्यापेक्षा तीन छोटे करा.

कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर बायकांचं एक स्मारक आहे, २००३ चं. ॲबिगेल ॲडम्स, लूसी स्टोन आणि फिलिस व्हीटली. तिघींचे पुतळे चौथऱ्यावर चढवलेले नाहीत, त्या खाली उतरल्यात. लूसी स्टोन चौथऱ्याचं टेबल करून लिहीत बसलीय. व्हीटली गुलाम म्हणून या शहरात विकली गेलेली मुलगी, पुढे तिचा कवितासंग्रह छापला गेला. लहान पोरं त्यांच्या मांडीवर चढतात. झाशीच्या राणीच्या घोड्याखालून मान वर करून बघत मोठे झालेले आपण, आपल्याला ते जरा विचित्रच वाटतं.

पुण्याशी धागा हवा असेल तर: पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनासाठी, म्हणजे विधवा मुलींच्या शाळेसाठी, पैसे उभे करणारी अमेरिकन रमाबाई असोसिएशन याच शहरात डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झाली. सदन १८८९ मध्ये मुंबईत उघडलं आणि १८९० मध्ये पुण्यात आलं. म्हणजे इथल्या चर्चमधल्या बायकांचे डॉलर पुण्यातल्या केशवपन झालेल्या मुलींच्या ताटात पोचत होते.

आणि आनंदीबाई जोशी. जन्म पुण्यातला (१८६५), मृत्यूही पुण्यातलाच, २६ फेब्रुवारी १८८७. पण रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशींच्या कुटुंबाच्या जागेत. न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठाकाठाने लोकल जाते, पोकीप्सी शेवटचं स्टेशन. तिथल्या दगडावर त्या ब्राह्मण होत्या हे आवर्जून कोरलंय. दगड साधा आहे.

आजीचा_चष्मा

मी हुजूरपागेची. साठच्या दशकातली. इतिहास वगैरे आम्हाला कुणी सांगितला नाही, शिस्त मात्र भरपूर सांगितली.

सेवासदनाबद्दल लिहिते, कारण माझी आई तिथल्या ट्रेनिंग कॉलेजची. तिचं लग्न झालेलं होतं, पदरात माझा मोठा भाऊ. दुपारी जेवणं उरकून, मागचं आवरून, भावाला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती जायची. चारला परत, चहाच्या वेळेला. आजेसासूबाईंना ती शिवण शिकायला जाते असं सांगितलेलं होतं, म्हणून येताना पिशवीत रोज एक अर्धवट शिवलेलं झबलं असायचं. तेच झबलं, कित्येक महिने. भाऊ वाढला, झबलं काही पूर्ण झालं नाही! पुढे ती महापालिकेच्या शाळेत लागली, तेव्हा आजेसासूबाईंनीच पेढे वाटले म्हणे.

तेव्हा सेवासदनापाशी उभं राहून रमाबाईंची जन्मतारीख ऐकवू नका. तिथे दुपारी बारा ते चार बायका का यायच्या ते ऐकवा.

पेठकरीण

आजी, हे तुमच्याच आवाजात हवंय. मी येते रेकॉर्ड करायला. झबल्यासकट.

आजीचा_चष्मा

ये. पण दुपारी एक ते चार येऊ नकोस, झोपते.

रिकामटेकडा_सदाशिव

अस्सल हुजूरपागा.

बाणेर_बालेवाडी

व्यावहारिक प्रश्न. मार्गावर स्वच्छतागृहं कुठे आहेत? बायकांसाठी मार्ग करताय आणि नकाशावर हीच खूण नाही. मागे एकदा अशाच एका वॉकला गेले होते, आयोजकाला विचारलं तर म्हणाला, 'जवळच हॉटेल आहे, चहा घ्या.' सकाळपासून तीन चहा झाले.

पेठकरीण

निळ्या खुणा टाकतेय. मंडई मेट्रो स्टेशन हा भरवशाचा पर्याय. बाकीच्या मी स्वतः आत जाऊन बघितल्याशिवाय टाकणार नाही. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, हे तीन रकाने. पदपथ कुठे चालण्याजोगा आहे आणि कुठे गाड्या लावलेल्या असतात तेही. शाळांची आवारं बाहेरूनच बघायची, आत मुली असतात, त्यांना शिकू द्या.

नाना_पेठेतली

सगळं वाचलं. छान आहे, पण अजून सगळ्या मास्तरणीच आहेत. शाळा, शाळा, शाळा. पुण्यातल्या बायकांनी शिकण्याशिवाय दुसरं काही केलंच नाही का?

मंडईतून जाताय ना? तिथे घटकाभर थांबा. इमारत १८८६ ची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे. नगरपालिकेत असताना ज्योतिरावांनी या खर्चाला विरोध केला होता, एवढा पैसा शाळांना द्या म्हणून, आणि आज मंडईला नाव त्यांचंच. हे सगळे सांगतात. गाळ्यावर पहाटेपासून बसलेल्या बाईबद्दल कुणी बोलत नाही. मेथीच्या जुड्या ती अशा रचते की मुळं आत आणि पाला बाहेर, वर ओलं गोणपाट. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता डाव्या हाताने सुकलेली पानं काढणं चालूच. आईकडून गाळा तिच्याकडे आला, तिच्याकडून सुनेकडे जाईल.

भिडेवाड्यावरून हाकेच्या अंतरावर बुधवारातली देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. तिथे फोन काढून नकाशा बघत हिंडू नका, ही विनंती. त्या बायका कुणाच्या सहलीचा थांबा नाहीत. पण भिडेवाड्याच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा उल्लेखच नसावा हेही बरोबर नाही. मुलींच्या शाळेची जागा आणि ही वस्ती शेजारी शेजारी आहेत. दोन वाक्यं, नीट शब्दांत, बास.

आणि पूर्वेकडचा मार्ग करणार असाल तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत घ्या. १९९३ मध्ये कचरावेचक बायकांनी संघटना उभी केली. उकिरड्यावर पोलीस चोर समजून हटकायचे, तिथून महापालिकेचा शिक्का असलेल्या ओळखपत्रापर्यंत आणि २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या रूपाने दारोदार कचरा गोळा करण्याच्या हक्काच्या कामापर्यंत. पहाटे ढकलगाडी घेऊन निघालेल्या या बायका रोज किती चालतात ते तुमच्या फोनमधल्या पावलं मोजणाऱ्या ॲपला विचारा. जेवायला हमाल पंचायतीचं कष्टाची भाकर, १९७४ पासून चालू आहे. हमालांना परवडेल अशी भाजी-भाकरी, करणाऱ्या बायकाच. मिसळीपेक्षा हे बरं.

गंजपेठी

+१. आणि शाळांच्या थांब्यावरही मास्तरीणच कशाला, विद्यार्थिनी घ्या. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी, साधारण चौदा वर्षांची. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांचं दुःख तिने लिहिलंय. आम्हाला धर्म कोणता, ते सांग, असं ती थेट देवाला विचारते. आणि त्यात एक जागा आहे: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस-वारा सगळा अंगावर. चौदा वर्षांच्या मुलीला हे दिसलं आणि लिहिता आलं. भिडेवाड्यापाशी शाळा कुणी काढली ते एका वाक्यात सांगा आणि उरलेला वेळ मुक्ताला द्या.

कर्वेनगर_शेवटचा_स्टॉप

आमच्याकडचं कुणी बोलेना, म्हणून लिहितो. हिंगणे. आता शहरात आहे, तेव्हा ओसाड माळ होता. प्लेगच्या दिवसांत अण्णा कर्व्यांनी विधवाश्रम गावाबाहेर हलवला, १९०० साली. जागा रावबहादूर गोखल्यांनी दिली, सहा एकर. ती पहिली झोपडी अजून जपून ठेवलेली आहे, आत वाकून जावं लागतं. अण्णा फर्ग्युसनमध्ये शिकवून रोज पायी जायचे, हे पाठ्यपुस्तकात आहे. पार्वतीबाई आठवले नाहीत. अण्णांच्या पत्नी बाया कर्व्यांची धाकटी बहीण, स्वतः विधवा, संस्थेसाठी गावोगाव झोळी घेऊन फिरली. नंतर इंग्रजी धड येत नसताना एकटी अमेरिकेला गेली, लोकांच्या घरी कामं करून राहिली आणि तिथूनही वर्गणी आणली. चार्ल्सकाठींनी नोंद घ्यावी.

जाताना कर्वे रस्त्यावर अण्णांचंच एसएनडीटी महिला विद्यापीठ लागतं, १९१६ चं. हा मार्ग पायी करू नका, बस घ्या. इथे चालण्याची हौस भागत नाही, धूर मात्र पोटभर मिळतो.

पडद्यामागची

लॉ कॉलेज रस्त्याचा छोटा मार्ग मी करून देते. प्रभात कंपनी, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. तिच्या फाटकापाशी एकच गोष्ट: जुलै १९३९, शांता आपटे. 'कुंकू'मधली म्हाताऱ्या नवऱ्याला न जुमानणारी नीरा पडद्यावर गाजून दोन वर्षं झाली होती. आणि हीच नटी पगार-कराराच्या वादावरून कंपनीच्या दाराशी उपोषणाला बसली. पडद्यावर बंड केलं की टाळ्या मिळतात, ऑफिसात केलं की मथळे. त्याच सिनेमात काम केलेल्या शकुंतला परांजपे पुढे संततिनियमनाचं काम करत राहिल्या आणि राज्यसभेवर गेल्या. फर्ग्युसनच्या टेकडीकडे वळलात की त्यांचा भाग.

जिजाऊंचा_मावळा

आऊसाहेब कुठे आहेत? पुण्याची सुरुवातच त्यांच्यापासून होते.

पेठकरीण

त्यांना गाळलं नाही, त्यांचे मार्ग आधीच भरपूर आहेत. पण 'दोन पुण्यं' म्हणून एक पाच मिनिटांचं जोड-ध्वनिमुद्रण कसबा गणपतीसाठी करतेय, कसबा पेठ मेट्रोने येणाऱ्यांसाठी. ओसाड पडलेलं गाव वसवणारी बाई, एवढ्याच अंगाने. लाल महाल नाही, आत्ताची वास्तू १९८८ ची आहे.

तर आता असं ठरवते. मार्ग एक: फुलेवाडा, मधे बिनआवाजाचा रस्ता, मंडई, भिडेवाडा (मुक्ता), चालताना ताराबाई, हुजूरपागा, सेवासदन (आजींचं झबलं). मार्ग दोन: पूर्वेकडच्या पेठा आणि भाकरी, हा नाना_पेठेतली यांनी लिहायचा, मी फक्त नकाशावर टाकणार. मार्ग तीन: प्रभात आणि टेकडी. हिंगणे वेगळी चक्कर, बसने.

अजून एक अडचण. ध्वनिमुद्रणं सगळी माझ्याच आवाजात झाली तर लोक झोपतील.

बाणेर_बालेवाडी

माझी भाची आठवीत आहे. मुक्ता साळवेचा निबंध तिने वाचला तर चालेल का? मराठी चांगलं आहे, फक्त जरा घाईत वाचते.

पेठकरीण

चालेल काय, हवंच आहे. निबंध आधी दोनदा मनात वाचू दे, मग मोठ्याने. खोलीचा पंखा बंद, फोन पुस्तकावर उभा टेकवून, आणि कुकर लावायच्या आधी.